मार्कोनीचे पडलेले मनोरे आणि आपली गच्ची

मागच्या वर्षी मे महिन्यात वळवाच्या पावसात आमच्या गच्चीवरचा हॅम रेडिओचा अँटेना पडला. तीस फुटांचा पाइप, वर यागी, त्याखाली जुन्या बाजारातून आणलेला रोटर. पाच मिनिटांच्या वावटळीत सगळं आडवं! नशीब की खाली कोणी नव्हतं. आठ दिवस आम्ही तोंड पाडून बसलो होतो. तेव्हा एका सिनियरने आम्हाला मार्कोनीची गोष्ट सांगितली. ती पुस्तकात असते तशी नाही, मनोऱ्यांच्या बाजूने सांगितलेली.

गुलिएल्मो मार्कोनी जन्मला २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतल्या बोलोन्याला. वडील जमीनदार, आई आयर्लंडची. शाळेत यथातथाच, विद्यापीठात प्रवेशही मिळाला नाही. (आपल्यातल्या एटीकेटीवाल्यांनी लगेच खूश होऊ नये, पुढे वाचा!) शेजारचे प्राध्यापक रीघी यांच्याकडे जाऊन तो शिकला आणि घराच्या माळ्यावर प्रयोग करू लागला. हर्ट्झच्या लहरी तेव्हा प्रयोगशाळेतली गंमत होत्या. १८९५ मध्ये मार्कोनीने तारेचं एक टोक उंच खांबावर नेलं आणि दुसरं जमिनीत गाडलं. एवढ्याने पल्ला काही शे मीटरवरून दोन किलोमीटरच्या आसपास गेला. मधे टेकडी होती. पलीकडे संदेश पोहोचल्याची खूण म्हणून भावाने बंदुकीचा बार काढला. एरियल आणि अर्थिंग, आपला पहिला धडा तो हाच.

१८९६ मध्ये तो इंग्लंडला गेला, पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी कंपनी काढली. १८९९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली. मग डोक्यात आलं की अटलांटिकच ओलांडायचा. त्यासाठी कॉर्नवॉलमध्ये पोल्धू इथे दोनशे फूट उंचीच्या वीस मस्तुलांचं एक भलंमोठं वर्तुळ उभारलं. व्हिव्हियन नावाच्या त्याच्या इंजिनिअरला हे डिझाइन पटलेलं नव्हतं. मस्तुलांची टोकं एकमेकांना तारांनी बांधलेली, म्हणजे एक पडलं की सगळी पडणार. त्याचं कोणी ऐकलं नाही. १७ सप्टेंबर १९०१ च्या वादळात नेमकं तेच झालं. पलीकडे अमेरिकेत केप कॉडला उभारलेलं तसंच वर्तुळ दोन महिन्यांत कोसळलं.

कंपनीचा पैसा संपत आलेला, टीकाकार टपलेले. दुसरा कोणी असता तर वर्षभर थांबला असता. मार्कोनीने पोल्धूला दोन मस्तुलांमध्ये पंख्यासारख्या तारा टांगून काम भागवलं आणि स्वतः पतंग, फुगे घेऊन न्यूफाउंडलंडला गेला. तिथे वाऱ्याने एक फुगा गेला, एक पतंग गेला. शेवटी १२ डिसेंबर १९०१ रोजी पतंगाला बांधलेल्या सुमारे पाचशे फूट तारेवर त्याला आणि केम्प या सहाय्यकाला सुमारे ३४०० किलोमीटरवरचे तीन टिंब ऐकू आले. म्हणजे मोर्समधला एस. पुरावा फक्त दोघांचे कान! खरंच ऐकलं का, यावर अजून वाद आहे. त्यालाही हे माहीत होतं. म्हणून दोनच महिन्यांनी त्याने जहाजावर कागदी पट्टीवर संदेश छापून घेतले. रात्री पल्ला जवळजवळ २५०० किलोमीटर, दिवसा त्याच्या निम्म्याहूनही कमी. का, ते तेव्हा कोणालाच नीट सांगता येईना. आज आपण त्याला आयनोस्फिअर म्हणतो.

१९०९ मध्ये ब्राऊनबरोबर त्याला नोबेल मिळालं. आपल्या जगदीशचंद्र बोसांचं नाव तेव्हा कोणी घेतलं नाही. त्यांचे सूक्ष्मलहरींचे प्रयोग त्याच काळातले, आणि १९०१ ला वापरलेला पाऱ्याचा डिटेक्टर मुळात बोसांचाच, असं काही संशोधक दाखवून देतात. शिवाय मार्कोनी पुढे मुसोलिनीच्या पक्षात गेला, हेही विसरून चालणार नाही. माणूस मोठा होता, पण देव नव्हता.

आता आपल्या जवळची गोष्ट. वर्षानुवर्षं मार्कोनी लांब लहरी आणि अवाढव्य मनोरे यांच्या मागे होता. दोनशे मीटरच्या खालच्या लहरी बिनकामाच्या म्हणून हौशी मंडळींना देऊन टाकल्या होत्या. त्या पोरांनी १९२३ मध्ये थोड्याशा पॉवरवर अटलांटिकपार दुतर्फा संवाद साधला! मार्कोनी आणि त्याचा सहकारी फ्रँकलिन यांनीही लघुलहरी तपासल्या आणि झोत एकाच दिशेला टाकणारा अँटेना बनवला. समोर उभ्या तारांचा पडदा, मागे परावर्तक तारांचा दुसरा पडदा. १९२४ मध्ये त्याने ब्रिटिश सरकारशी करार केला आणि कंपनीचं नाव पुन्हा एकदा पणाला लावलं.

१९२७ मध्ये या साखळीत भारत आला. प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला! आपण मनमाडहून पुण्याच्या गाडीत बसलो की जे दौंड लागतं तेच. तिथे रोटर नव्हता, कारण ऐकायचं एकाच देशाचं. मात्र दिशा एकदाच आणि अचूक ठरवावी लागली. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर पुण्याहून लंडन पश्चिमेकडे झुकलेलं दिसतं. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, ते जवळजवळ वायव्येला निघतं, उत्तरेपासून सुमारे ४१ अंश पश्चिमेकडे. न्यूयॉर्क तर संभाजीनगरहून उत्तरेच्या पश्चिमेला फक्त २५ अंशांवर! आम्ही मात्र रोटर सरळ पश्चिमेला फिरवून अमेरिका का लागत नाही म्हणून रडत होतो.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये मार्कोनी गेला. त्याच्यासाठी जगभरची केंद्रं दोन मिनिटं गप्प राहिली.

असो. या डिसेंबरात आम्ही पाइप पुन्हा उभा केला. या वेळी ताणाच्या तारा तीन दिशांना, दोन उंचींवर, प्रत्येकीचा हुक वेगळा. एक तुटली तरी बाकीच्यांनी तग धरला पाहिजे. यागीचं वजन रोटरच्या गिअरवर न टाकता वरच्या बेअरिंगवर घेतलं. केबलला रोटरपाशी सैल वेटोळं ठेवलं, नाहीतर फिरताना ती तुटते. पाइप उभा करताना पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोहोचणार नाही अशी जागा निवडली. अर्थिंग पक्कं केलं आणि ढग गडगडले की केबल काढायची, असा नियम केला. आणि हो, पहिल्या वर्षाच्या एका पोराने एक हुक कच्चा वाटतो म्हटलं, तेव्हा काम थांबवून तो आधी बदलला. व्हिव्हियनचं कोणीतरी ऐकायलाच हवं होतं ना!