खताची खतावणी : सर आल्बर्ट हॉवर्ड

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मातीवर लिहावे याचे आपल्याला नवल वाटेल. पण गेल्या उन्हाळ्यात बीदर जिल्ह्यातल्या आमच्या गावी काकांच्या शेतीचा हिशेब मांडण्याचे काम माझ्याकडे आले. खतांच्या पोत्यांचा खर्च दरसाल चढत होता, तुरीची रास तेवढीच राहत होती आणि कर्ज काही फिटत नव्हते. जमीन विकावी की ठेवावी, एवढाच प्रश्न घरात उरला होता. बांधावर जाळलेला काडीकचरा मात्र मी खतावणीत कुठेच धरला नव्हता. पुढे ग्रंथालयात सर आल्बर्ट हॉवर्ड यांचे पुस्तक हाती आले आणि माझी चूक मला उमगली.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. केंब्रिजचे शिक्षण संपवून ते वेस्ट इंडीजमध्ये बुरशीतज्ज्ञ म्हणून गेले. पिकांच्या रोगांवर सल्ला द्यायचा, पण तो करून पाहायला स्वतःचे शेत नाही, ही गोष्ट त्यांना खटकली. १९०५ साली ते बिहारमधील पुसा येथे आले. तेथे त्यांनी पत्नी गॅब्रिएल यांच्यासह गव्हाच्या सुधारित जाती काढल्या, झाडांची मुळे खणून त्यांचा अभ्यास केला आणि आसपासच्या शेतकऱ्यांनाच गुरू मानले. आपल्याकडे आलेल्या साहेबांत ही गोष्ट विरळाच म्हणावी लागेल!

१९२४ साली होळकरांच्या इंदूरात त्यांची संस्था सुरू झाली. चीनमधील शेतकऱ्यांच्या जुन्या रीतीचा आधार घेऊन त्यांनी तेथे कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. पालापाचोळा, पऱ्हाट्या, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख थरांनी रचायची, ओल राखायची, तीनदा उलथायची, की सुमारे तीन महिन्यांत खत तयार! या कामात रसायनशास्त्राची बाजू यशवंत वाड यांनी सांभाळली. १९३१ च्या पुस्तकावर दोघांचीही नावे आहेत. जगाने हॉवर्ड यांचे नाव लक्षात ठेवले. मराठी माणसाने वाडांचे तरी विसरू नये. आदल्याच वर्षी, १९३० साली, गॅब्रिएल निवर्तल्या होत्या.

मायदेशी परतल्यावर हॉवर्ड मुळांशी राहणाऱ्या बुरशीकडे वळले. मूळ आणि कुजलेले खत यांच्यामधला जिवंत पूल म्हणजे ही बुरशी, असे त्यांचे मत होते. आज आपल्याला ठाऊक आहे की, झाड मुळावाटे साखर आणि आम्ले मातीत सोडते. त्यावर जगणारे जीवाणू मुळांभोवती दाटी करतात. बुरशी साखर घेते आणि त्या बदल्यात दूरचे स्फुरद आणून देते. स्फुरदाचे खत फार झाले, तर झाड बुरशीला पोसणेच कमी करते. गरज सरो, वैद्य मरो! कुणाची वस्ती कुठे वाढावी हे असे मुळे आणि अन्नद्रव्ये मिळून ठरवतात.

तरीही हॉवर्ड यांचे सारेच खरे ठरले नाही. झाड बुरशीलाच पचवून पोसले जाते हा त्यांचा समज टिकला नाही, आणि रासायनिक खतांना त्यांनी केलेला सरसकट विरोधही अतिरेकी होता. धान्याबरोबर शेतातून गेलेले स्फुरद कुठून तरी परत यावेच लागते. १९३४ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि १९४७ साली त्यांचे निधन झाले.

हैदराबादहून गावी जाताना बस पाटणचेरूवरून जाते. तेथील इक्रिसॅट संस्थेच्या तांबड्या जमिनीत शास्त्रज्ञांना तुरीचा एक गुण आढळला व तो १९९० साली प्रसिद्ध झाला. लोहाशी घट्ट बांधलेले स्फुरद तुरीची मुळे आपल्या आम्लाने सोडवून घेतात. म्हणजे आमच्या काकांची तूरही मुकाट्याने जमाखर्च सांभाळत होती. हिशेब चुकला होता तो माझा.

दिवाळीत मी काकांना सगळे समजावून सांगितले. जमीन विकायचा विचार त्यांनी वर्षभर पुढे ढकलला आहे. यंदा काडीकचरा जाळला नाही. गोठ्यामागे खड्डा भरला आहे. कर्ज एका खड्ड्याने फिटणार नाही, हे मलाही कळते. पण खतावणीत एक नवे खाते उघडले आहे, आणि त्यावर नाव घातले आहे : माती.