पंडिता रमाबाईंनी जे सोसले

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्यापैकी पुष्कळजणींनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. मोठ्या विदुषी होत्या, विलायतेस गेल्या, ख्रिस्ती झाल्या, विधवांसाठी शारदा सदन काढले, एवढे आपल्याला ठाऊक. पण त्यांच्या वाट्याला मरणे किती आली आणि त्यातून त्यांची श्रद्धा कशी घडत गेली, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा तेच मोठे वाटते, म्हणून तेवढेच लिहिते.

रमाबाईंचा जन्म 1858 च्या एप्रिलात सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकांची बोलणी खाल्लेला हा माणूस. पुढे पैसा गेला, आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळात पुराणे सांगत हिंडू लागले. लहानगी रमा आईच्या तोंडून श्लोक शिकली, तेही वाटेवरच.

1874 च्या सुमारास मद्रासकडे दुष्काळात ही मंडळी सापडली. होते ते सारे देवाला आणि ब्राह्मणाला देऊन झालेले, भीक मागण्याची लाज आणि मजुरीची सवय नाही. तिरुपतीजवळच्या रानात झाडपाला खाऊन दिवस काढले. वडिलांनी तर तळ्यात उतरून देह ठेवायचे ठरवले होते. थोरला भाऊ श्रीनिवास याने पडेल ते काम करीन असे सांगून त्यांना थांबवले. पण थोड्याच दिवसांत वडील तापाने गेले आणि पाठोपाठ दीड महिन्यात आई गेली. आईला खांदा द्यायला माणसे मिळेनात. कसेबसे दोघे आले, तिसरा भाऊ, आणि चौथी रमा. ती ठेंगणी पडली, तिचा खांदा पोचेना, म्हणून तिने तिरडी डोक्यावर घेतली आणि अशी स्मशानापर्यंत चालत गेली. पंधरा-सोळा वर्षांची पोर! बायकांनी स्मशानात जायचे नाही हा आपल्याकडचा रिवाज, पण तिथे रिवाज पाळायला माणसेच कुठे होती?

काही महिन्यांनी बहीणही पटकीने गेली. मग ही दोन भावंडे पायीच उत्तरेकडे निघाली. मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाशी खायचे. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जायची वेळ आली तेव्हा वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत त्यात पुरून घेतले आणि रात्र काढली. इतके उपास, इतकी व्रते, इतकी तीर्थे करून पदरात हे पडले, तेव्हा जुनी श्रद्धा ढळली. यात नवल नाही. दुःखाने माणूस आपोआप भाविक होतो असे म्हणतात, पण रमाबाईंचे तसे झाले नाही. आधी सगळे कोरडे पडले.

1878 साली कलकत्त्यास त्यांच्या विद्वत्तेचे भारी कौतुक झाले, पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. 1880 त भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह झाला. संसार दीड-पावणेदोन वर्षांचा. 1882 च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा, सगळे संपले.

1883 साली त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींनी पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठी घर चालवले होते. अशा बायकांशी कोणी मायेने वागते हे रमाबाईंनी पहिल्यानेच पाहिले. येशू ख्रिस्ताने शोमरोनी बाईला विहिरीवर जवळ केले ती कथा त्यांच्या मनाला तेव्हा लागली. त्या सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी पुढेही त्या प्रश्न विचारीतच राहिल्या. ज्यांनी आसरा दिला त्यांच्याशीही धर्माच्या बाबतीत त्यांनी पत्रांतून वाद घातला. आणि खरी शांती सापडली ती बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, असे त्या मानीत. सोसणे म्हणजे मुकाट्याने मान डोलावणे नव्हे, हे मला त्यांच्याकडून कळले.

1889 साली मुंबईस शारदा सदन निघाले, पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. 1893 साली मुलींना बाटवतात म्हणून गावात गहजब झाला. सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर यांनी अंग काढून घेतले, पालकांनी वीस-पंचवीस मुली नेल्या. पालकांचे अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही, विश्वासाने पोरी ठेवल्या होत्या. पण रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवूनच करीत आणि लपवून काही करीत नसत, हेही खरे.

मग 1896-97 चा मध्यप्रांतातला दुष्काळ आला. हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहून त्यांना आपलेच रानातले दिवस आठवले. मला वाटते, त्यांच्या सोसण्याचे फळ आले ते इथे. उपाशी पोर कशी दिसते हे सांगायला त्यांना कोणी लागत नव्हते. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग, नव्या माणसांना थारा नाही, म्हणून दौंडच्या अलीकडे केडगावला शेतजमीन होती तिथे तंबू ठोकले. तेच मुक्ती सदन. त्याच प्लेगात पुण्याच्या इस्पितळात बायकांचे हाल झाले, तेव्हा सरकारविरुद्ध उघड पत्र लिहायलाही त्या कचरल्या नाहीत. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावी सुमारे दोन हजार बायामुली झाल्या. घरी दहा पाहुणे आले तर आपली तारांबळ उडते. तिथे रोज दोन हजार पाने! विणकाम, घाणा, गाईगुरे, शेती, छापखाना, सारे बायाच करीत. आंधळ्यांनाही वाचायला शिकवले, आणि समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन वेगळे काढले.

रमाबाईंचे कान पुढे कामातून गेले होते. तशात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत करायला घेतले, खेड्यातल्या बाईलाही वाचता यावे म्हणून. मनोरमा आता आईच्या हाताशी आली होती, पुढचा सगळा भार तीच घेणार होती. 1921 च्या जुलैत मिरजेला तीही गेली, वय चाळीस. जन्मभर जे सोसले त्यावर हे. आईने हात टेकले असते तर कोणी बोल लावला नसता. पण त्या पुन्हा मुद्रिते तपासायला बसल्या.

पुढच्या वर्षी 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. सबंध बायबल 1924 साली बाहेर पडले. त्याचे खिळे सदनातल्या बायांनीच जुळवले होते.