नाटककार मामा वरेरकर

स्मरणिकेसाठी सभासद कुटुंबांकडून जुनी छायाचित्रे मागविण्याची मंडळाची कल्पना स्तुत्य होय. आपल्याकडील जुन्या घरांच्या माजघरात पूर्वजांच्या तसबिरींशेजारी नाटकमंडळ्यांतील नटांच्या तसबिरीही एके काळी मोठ्या हौसेने लावल्या जात. भरजरी शालू नेसून, नाकात नथ घालून उभी असलेली ती देखणी स्त्री वस्तुतः पुरुष नट आहे, हे आजच्या पिढीस मुद्दाम सांगावे लागते. छायाचित्र चेहरा जपते. परंतु त्या नटाच्या मुखी शब्द कोणी घातले, हे काही ते सांगत नाही. म्हणून आपल्याच किनाऱ्यावर वाढलेल्या अशा एका शब्दप्रभूचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

भार्गवराम विठ्ठल वरेरकर यांचा जन्म २७ एप्रिल १८८३ रोजी चिपळूण येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण मालवण व रत्नागिरी येथे झाले. त्या काळी मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. आपला सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी निराळा झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांस मामा या नावानेच ओळखू लागला.

मामांना नाटकाचे वेड लागले ते मालवणात, दशावतारी खेळ पाहून. हा खेळ आमच्या वाचकांस नव्याने वर्णन करून सांगावयास नको. गावची जत्रा, देवळासमोरील मोकळी जागा, राजाचे सिंहासन म्हणून एक लाकडी बाक, मृदंग, झांज आणि पेटी, एवढ्या सामग्रीवर रात्र उजाडेपर्यंत आख्यान रंगते. प्रारंभी गणपती येतो, संकासुर येतो. मग मुख्य कथा. लिहिलेली संहिता नसते; नट आपली भाषणे उभ्या उभ्याच रचतो. समोर बसलेला शेतकरी, गाबीत, भंडारी, वाणी, ब्राह्मण एकाच वेळी हसतो आणि डोळे पुसतो. गावातील सर्वांस एका जागी बसवून काही सांगावयाचे असेल, तर नाटकासारखे दुसरे साधन नाही, हे मामांनी आयुष्यभर मानले. त्याचे बीज याच जत्रांत पडले असावे, असे आम्हांस वाटते.

तरुण वयात मामांनी टपाल खात्यात नोकरी धरली. शिक्षण अपुरे राहिले, तरी वाचन थांबले नाही. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या नाटकांचा परिचय झाल्यावर घरातील रोजचे प्रश्नही रंगभूमीवर आणता येतात, हे त्यांस उमगले. त्यांचे पहिले नाटक ‘कुंजविहारी’ १९०८ साली आले. ते मात्र पौराणिक वळणाचे होते.

१९१६ साली केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने त्यांचे ‘हाच मुलाचा बाप’ रंगभूमीवर आणले. विषय हुंड्याचा. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९१४ साली, कलकत्त्यास स्नेहलता नावाच्या कुमारिकेने आपल्या विवाहापायी पित्यास राहते घर गहाण टाकावे लागू नये म्हणून स्वतःस जाळून घेतले होते व त्या घटनेने साऱ्या देशात हळहळ पसरली होती. त्या काळचा प्रेक्षक नाट्यगीते ऐकण्यास येई. मामांनी त्यास गीतांबरोबर त्याच्याच घरातील व्यवहार दाखविला. मुलाचा भाव ठरविणारा बाप रंगमंचावर पाहून हसताना किती बापांस आतून चटका बसला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

यानंतर मामांची लेखणी अशा प्रश्नांपासून ढळली नाही. ‘संन्याशाचा संसार’ मध्ये धर्मांतराचा प्रश्न आला. १९२१ साली केशवराव ऐन तारुण्यात निवर्तले. परंतु बापूराव पेंढारकर यांनी मंडळी सावरली आणि १९२२ साली ‘सत्तेचे गुलाम’ आले. ‘तुरुंगाच्या दारात’ या नाटकात अस्पृश्यतेचा विषय त्यांनी हाती घेतला. गिरणी कामगारांचे जीवन ‘धावता धोटा’ या कादंबरीत व ‘सोन्याचा कळस’ या नाटकात आले. आपल्या किनाऱ्यावरील कितीतरी घरांचे कर्ते पुरुष बोटीने मुंबईस जाऊन त्याच गिरण्यांत राबले, हे ध्यानी घेतले म्हणजे या कृतींची जवळीक अधिकच जाणवते. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या कादंबऱ्या मामांनी बंगालीतून मराठीत आणल्या. ‘माझा नाटकी संसार’ या आत्मचरित्रात त्यांनी जुन्या रंगभूमीच्या आठवणी अनेक भागांत लिहून ठेवल्या. तसबिरीतील नटांस वाचा देणारा हा ग्रंथ ज्यांच्या घरी असेल, त्यांनी तो अवश्य जपावा.

मानसन्मान यथाकाल आले. १९३८ साली नाट्यसंमेलनाचे व १९४४ साली धुळे येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. १९५६ साली राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. १९५९ साली पद्मभूषण हा किताब लाभला. २३ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे देहावसान झाले. मालवण येथील नाट्यगृहास त्यांचे नाव देऊन गावाने आपले ऋण अंशतः फेडले आहे.

या चरित्रातील एक योगायोग आमच्या मनास विशेष भिडतो. हुंडाबंदीच्या विधेयकावर लोकसभा व राज्यसभा यांचे एकमत होईना, म्हणून मे १९६१ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक भरवावी लागली. भारतीय संसदेच्या इतिहासातील अशी ती पहिलीच बैठक. तीत विधेयक संमत होऊन हुंडाबंदीचा कायदा झाला. त्या वेळी मामा राज्यसभेचे सदस्य होते. नाटकात मांडलेला प्रश्न कायद्यापर्यंत पोहोचण्यास पंचेचाळीस वर्षे लागली. पण तो पोहोचलेला मामांनी हयातीत पाहिला.

कायदा झाला, परंतु व्यवहार थांबला काय? आता हुंडा हा शब्द कोणी उच्चारीत नाही. मानपान, भेटवस्तू, मुंबईतील जागेस हातभार, कार्यालयाचा खर्च, अशी सोज्ज्वळ नावे घेऊन तोच पुढे येतो. वधूपिता तोंडाने हसतो आणि मनात हिशेब मांडतो. सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांत हे अधिक घडते, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

मामांना कोणत्याही एका ज्ञातीच्या चौकटीत बसविता येत नाही. त्यांनी दाखविलेले दोष तर सर्वच ज्ञातींत आहेत. मंडळ दरवर्षी विवाहेच्छु वधूवरांच्या याद्या करते. यादीत नाव देणाऱ्या प्रत्येक वरपित्याने देण्याघेण्याची अपेक्षा नाही, असे स्वहस्ते लिहून द्यावे आणि मंडळाने ते वराच्या नावापुढे छापावे, अशी आमची कार्यकारिणीस नम्र सूचना आहे. खर्च शाईचा तेवढा येईल. मालवणच्या नाट्यगृहावर मामांचे नाव मोठ्या अक्षरांत आहे. त्यांचे काम मात्र अशा लहान अक्षरांतील एका ओळीनेच पुढे जावयाचे आहे.