शाळामास्तर होऊं इच्छिणारे पेस्टालॉझी

ज्यास दुसरें कांहीं जमत नाहीं त्यानें पंतोजी व्हावें, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ दिवस होती, व खेड्यांतील शिक्षकांस तिचा चटका अजूनही बसतो. ही समजूत केवळ आपल्याच देशाची नव्हे. अठराव्या शतकांत स्वित्सर्लंडच्या खेड्यापाड्यांत हाच प्रकार होता. तेथें एखादा मोची, विणकर किंवा पलटणींतून सुटलेला शिपाई हिंवाळ्यांत आपल्या राहत्या घरींच शाळा भरवी; मुलें घोकीत बसत आणि मास्तरांचे हात आपल्या धंद्यांत गुंतलेले असत. अशा देशांत, ग्रंथ लिहून नांव मिळविलेल्या एका गृहस्थांनीं पन्नाशी उलटल्यावर मास्तरकीची हौस धरिली. त्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

योहान हाइन्रिख पेस्टालॉझी यांचा जन्म झुरिक शहरीं ता. १२ जानेवारी १७४६ रोजीं झाला. वडील शस्त्रवैद्य होते. ते १७५१ सालीं वारले, आणि आईनें व घरच्या एका इमानी मोलकरणीनें मुलांस वाढविलें. आजोबा जवळच्या एका गांवीं पाळक होते. त्यांच्याकडे राहावयास गेले असतां शेतकऱ्यांचें दारिद्र्य या मुलाच्या दृष्टीस पडलें. पुढें पाळक व्हावें असा त्यांचा विचार होता. मग कायद्याचा अभ्यास करावा असें वाटलें. दोन्ही सुटलें आणि त्यांनीं बिर गांवाजवळ जमीन घेऊन शेती आरंभिली. १७६९ सालीं आना शुल्थेस या सधन घरच्या मुलीशीं त्यांचा विवाह झाला. शेती बुडाली. १७७४ सालीं त्यांनीं त्याच घरीं गरिबांचीं मुलें जमविलीं व त्यांस सूत कातणें, विणणें आणि त्याबरोबर लिहिणें-वाचणें शिकवूं लागले. तेंही १७८० सालीं बंद पडलें, आणि पत्नीची माहेरची दौलत त्यांत गेली. पैशाच्या व्यवहारांत ते जन्मभर कच्चे राहिले, हें झांकण्यांत अर्थ नाहीं. १७८१ सालीं छापलेल्या लीनहार्ट व गेर्ट्रूड या गोष्टीच्या पुस्तकानें मात्र त्यांचें नांव देशोदेशीं गेलें.

१७९८ सालीं स्वित्सर्लंडांत नवें सरकार आलें. शिक्षक तयार करण्याची शाळा त्यांच्या हातीं द्यावी असें शिक्षणमंत्री श्टाप्फर यांच्या मनांत होतें. पेस्टालॉझींस तें नको होतें. मुलांना स्वतः शिकविल्यावांचून शिक्षकांस काय सांगावें, असा त्यांचा विचार होता. त्याच वर्षीं सप्टेंबरांत फ्रेंच फौजेनें श्टान्स गांवाकडील मुलुख जाळला व पुष्कळ मुलें पोरकीं झालीं. १७९९ च्या आरंभीं एका मठाच्या इमारतींत अशीं सुमारें ८० मुलें पेस्टालॉझींच्या स्वाधीन झालीं. मुलें खरजेनें व उवांनीं भरलेलीं, मदतीस एक स्वयंपाकीण, बस्स! ते त्यांच्यांतच जेवत, त्यांच्यांतच निजत, त्यांचीं अंगें धूत. गांवचे लोक रोमन कॅथलिक, हे प्रॉटेस्टंट व शिवाय नावडत्या सरकारचे. म्हणून आभाराऐवजीं संशयच पदरीं पडला. जूनमध्यें लढाई जवळ आली, इमारत फौजेच्या दवाखान्यासाठीं घेतली गेली, आणि शाळा मोडली.

मग ते बुर्गडॉर्फ येथें गेले. तेथें ५३ वर्षांच्या या ग्रंथकारास कोणती जागा मिळाली? गांवच्या हलक्या वस्तींतील गरीब मुलांच्या शाळेंत, डिस्ली नांवाच्या मोच्याच्या हाताखालीं! जोडे शिवण्यांत कमीपणा आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु त्या काळीं जोडे शिवावयास उमेदवारी करावी लागे, आणि शिकवावयास कांहींच लागत नसे, हें ध्यानांत घ्यावें. पेस्टालॉझी मुलांस घोकावयास न लावतां वस्तु दाखवीत, मोजावयास लावीत, रेघा काढवीत, मग बोलवीत. मोच्यास वाटलें कीं हा गृहस्थ धर्मप्रश्नोत्तरी बुडविणार व आपली जागाही घेणार. आईबापांस त्यानें चेतविलें. नवे प्रयोग श्रीमंतांनीं आपल्या पोरांवर करावेत, असें ते म्हणूं लागले, आणि पेस्टालॉझींस तेथून निघावें लागलें. आम्हांस त्या आईबापांचा रागही येत नाहीं. गरिबांच्या मुलांवरच प्रथम प्रयोग होतात हें त्यांनीं पाहिलें होतें.

त्यांस लहान मुलांचा वर्ग मिळाला. १८०० च्या मार्चांत परीक्षकांनीं तेथील प्रगति पाहून लेखी प्रशंसा केली. त्याच वर्षीं गांवच्या किल्ल्यांत त्यांची स्वतःची संस्था निघाली. आपले शिक्षक ज्यास वस्तुपाठ म्हणतात त्याचें मूळ या रीतींत आहे.

पुढें इव्हरडॉन येथील किल्ल्यांत १८०५ पासून वीस वर्षें त्यांची शाळा चालली. प्रशियाच्या सरकारनें आपले तरुण शिक्षक तेथें शिकावयास पाठविले. बालोद्यानाचे जनक फ्रोबेल १८०८ पासून दोन वर्षें तेथें होते. मास्तर कोणीही होतो असें म्हणणारे आतां मास्तरकी शिकावयास गाड्या करून येत! परंतु कीर्तीबरोबर कलहही आला. नीडरर व श्मिड या सहकाऱ्यांचें वैर विकोपास गेलें, म्हाताऱ्यास तें आवरेना; १८१५ सालीं आनाबाई निवर्तल्या, आणि १८२५ सालीं शाळा बंद झाली.

ते आपल्या जुन्या शेतावर परतले व ता. १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं ब्रुग येथें वारले. बिर गांवच्या शाळेच्या भिंतीपाशीं त्यांस पुरलें. १८४६ सालीं, त्यांच्या जन्मास शंभर वर्षें झालीं तेव्हां, आरगाऊ प्रांतानें तेथें नवी शाळा बांधिली व तिच्याच भिंतीवर त्यांचें स्मारक केलें.