शरीराची ‘बॅटरी’ शोधणारे येल्लाप्रगडा सुब्बाराव : तीन गोळ्यांमागचा एक माणूस

मी चंद्रपूर जिल्ह्यातला. आमच्याकडे हत्तीरोगाच्या मोहिमेत आशाताई घरोघरी येतात आणि गोळ्या समोर उभं राहून खायला लावतात. मागच्या खेपेला त्या आल्या तेव्हा आईने नेहमीप्रमाणे आधी सगळ्यांना जेवायला बसवलं, कारण ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नसते. मी मात्र सवयीप्रमाणे गोळीचं नाव विचारलं आणि लगेच फोनवर शोधायला बसलो. नाव होतं डीईसी. शोधता शोधता मी एका तेलुगू माणसापर्यंत पोहोचलो, आणि मग रात्री दोन वाजेपर्यंत फोन खाली ठेवला नाही.

त्यांचं नाव येल्लाप्रगडा सुब्बाराव. आपण इथे नेहमी प्रोसेसर, बॅटरी, फास्ट चार्जिंग यांवर बोलतो. पण तुम्ही हा लेख स्क्रोल करताय तो अंगठा कशावर चालतोय? त्याचं उत्तर शोधणाऱ्या मोजक्या लोकांमध्ये सुब्बाराव होते. म्हणून आज त्यांची गोष्ट सांगतो.

मॅट्रिक तिसऱ्या प्रयत्नात

सुब्बाराव यांचा जन्म 12 जानेवारी 1895 रोजी भीमावरम इथे झाला. आज हे गाव आंध्र प्रदेशात आहे, तेव्हा ते मद्रास इलाख्यात होतं. घरची परिस्थिती बेताची. लहानपणी एकदा ते काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि पैसे कमवायचे, असा बेत करून घरातून पळाले होते. आईने परत आणलं आणि पुन्हा शाळेत बसवलं. मॅट्रिक ते तिसऱ्या प्रयत्नात पास झाले. निकाल लागला की ज्यांना दोन दिवस फोन उचलावासा वाटत नाही, त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

पुढे त्यांना संन्यास घेऊन रामकृष्ण मिशनमध्ये जायचं होतं. आईने परवानगी दिली नाही. मग मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये प्रवेश घेतला, आणि शिक्षणाला सासरच्यांनी पैशाची मदत केली. गांधीजींनी विदेशी कापडावर बहिष्कार घालायला सांगितल्यावर सुब्बाराव खादीचा सर्जिकल गाऊन घालू लागले. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचलं नाही. शेवटी पूर्ण एमबीबीएसऐवजी एलएमएस ही खालच्या दर्जाची पदवी हातात आली. सरकारी नोकरीची वाट बंद झाल्यावर त्यांनी मद्रासच्या एका आयुर्वेद कॉलेजात शरीररचना शिकवायला सुरुवात केली.

त्याआधी घरात एक मोठा आघात झाला होता. त्यांचे दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने स्प्रू या आजाराने गेले. स्प्रूमध्ये आतडं अन्नातले पोषक घटक नीट शोषून घेऊ शकत नाही. माणूस जेवतो, तरी रक्त कमी होत जातं आणि शरीर खंगतं. ही घटना लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचंय.

बोस्टनमधला हमाल

1920च्या दशकाच्या सुरुवातीला एका धर्मादाय संस्थेच्या आणि सासऱ्यांच्या मदतीने ते अमेरिकेला, बोस्टनला गेले. पत्नी शेषगिरी तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला, पण तान्हा असतानाच गेला. सुब्बाराव यांनी त्याला कधी पाहिलंच नाही. ते पुन्हा भारतात आलेच नाहीत.

तिथे त्यांची भारतीय पदवी डॉक्टर म्हणून काम करायला चालत नव्हती. हार्वर्डमध्ये उष्णकटिबंधीय रोगांचा डिप्लोमा करताना पोट भरण्यासाठी त्यांनी हॉस्पिटलात रात्रपाळीचं हमालाचं काम केलं. त्यात रुग्णांची शौचाची भांडी उचलणं आणि धुणंही आलं. नंतर हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या जीवरसायन विभागात सायरस फिस्के यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली.

निळा रंग जरा उशिरा का येतोय?

त्या काळी रक्तात किंवा स्नायूत फॉस्फरस किती आहे हे मोजणं किचकट काम होतं. फिस्के आणि सुब्बाराव यांनी 1925 मध्ये त्यासाठी सोपी पद्धत काढली. नमुन्यात ठरावीक रसायनं टाकायची. फॉस्फेट असेल तर द्रावण निळं होतं. रंग जितका गडद, तितका फॉस्फरस जास्त. ही पद्धत दोघांच्या नावाने पुढे कित्येक दशकं जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली.

खरी गंमत पुढे आहे. स्नायूच्या अर्कावर हीच पद्धत वापरली तेव्हा निळा रंग एकदम न येता हळूहळू वाढत गेला. दुसऱ्या कोणी हे मोजमापातली चूक म्हणून सोडून दिलं असतं. या दोघांनी विचार केला की फॉस्फेट कशाला तरी सैलसर चिकटलेलं असणार आणि द्रावणात हळूहळू सुटत असणार. तो पदार्थ निघाला फॉस्फोक्रिएटिन. स्नायूने काम केलं की तो कमी होतो, आराम मिळाला की पुन्हा भरतो. 1927 मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एगलटन दांपत्यालाही स्वतंत्रपणे हाच पदार्थ सापडला होता.

याने मोठी खळबळ उडाली. स्नायू लॅक्टिक ॲसिडच्या जोरावर आकुंचन पावतो, असं तेव्हा मानलं जायचं. स्नायूंवरच्या अशा संशोधनासाठी हिल आणि मेयरहोफ यांना 1922 चं नोबेलही मिळालं होतं. आता त्या समजुतीला तडा गेला. 1930 मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी दाखवून दिलं की लॅक्टिक ॲसिड तयार होणं बंद केलं तरी स्नायू काही काळ आकुंचन पावतो, आणि त्या वेळी फॉस्फोक्रिएटिन खर्च होतं.

दरम्यान 1929 मध्ये फिस्के आणि सुब्बाराव यांना स्नायूत आणखी एक रेणू सापडला. त्याचं नाव ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला एटीपी.

एटीपी म्हणजे नक्की काय?

एका गाभ्याला ओळीने तीन फॉस्फेट जोडलेले आहेत असं समजा. शेवटचा फॉस्फेट सुटतो, तेव्हा होणाऱ्या रासायनिक बदलात ऊर्जा मोकळी होते आणि पेशी ती लगेच कामाला लावते. उरतो तो एडीपी, म्हणजे उतरलेली बॅटरी. भाकरी, भात, तेल यांतून आलेले रेणू तोडून पेशी जी ऊर्जा मिळवते, तिच्यावर एडीपीला पुन्हा फॉस्फेट जोडला जातो. बॅटरी परत चार्ज! हे चार्जिंग मुख्यतः पेशीतल्या मायटोकाँड्रियामध्ये होतं, आणि त्यासाठीच आपण सतत श्वासातून ऑक्सिजन घेतो.

आता आकडे बघा. शरीरात एका वेळी एटीपी असतो अंदाजे 50 ते 100 ग्रॅम. पण दिवसभरात आपण जवळपास आपल्या वजनाइतका एटीपी वापरतो. म्हणजे तोच रेणू दिवसातून शेकडो वेळा उतरतो आणि चार्ज होतो. फोनची बॅटरी 500 ते 1000 पूर्ण चार्जिंगनंतर थकायला लागते.

मग फॉस्फोक्रिएटिन कशासाठी? तो आपला पॉवर बँक. जोरात पळत सुटलात तर स्नायूतला एटीपी दोनेक सेकंदांत संपेल. तेव्हा फॉस्फोक्रिएटिन आपला फॉस्फेट देऊन एडीपीला जागच्या जागी चार्ज करतो. हा साठाही काही सेकंदच पुरतो, पण तेवढ्यात बाकीची यंत्रणा वेग घेते. जिममध्ये मित्र क्रिएटिनची पावडर घेतात, तिचा संबंध याच पदार्थाशी आहे.

श्रेय कोणाचं?

इथे थोडं थांबून स्पष्ट बोलायला हवं. सुब्बाराव यांच्याबद्दल फिरणाऱ्या मेसेजमध्ये एकट्याने एटीपी शोधला आणि नोबेल कोणीतरी पळवलं, असं लिहिलेलं असतं. मीही आधी तसा एक मेसेज पुढे पाठवला होता. तो अर्धवट खरा आहे. हे काम फिस्के आणि सुब्बाराव दोघांचं. त्याच 1929 मध्ये जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही एटीपी स्वतंत्रपणे सापडला. एटीपी हे पेशीतल्या ऊर्जेचं सर्वसामान्य चलन आहे ही कल्पना पुढे 1941 मध्ये फ्रिट्झ लिपमान यांनी नीट मांडली. आणि एटीपी शोधल्याबद्दल या तिघांपैकी कोणालाच नोबेल मिळालं नाही.

तरी अन्याय झाला नाही असं म्हणता येणार नाही. 1930 मध्ये पीएचडी मिळाली, नाव झालं, तरी हार्वर्डने त्यांना कायमची प्राध्यापकी दिली नाही. 1940 मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि पुढे तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले.

तोडण्याकडून जोडण्याकडे

पेशी फक्त रेणू तोडत नाही. त्या ऊर्जेवर ती नवे रेणू बांधतेही. नवी पेशी बनवायची तर नवा डीएनए लागतो, आणि त्याचे सुटे भाग बनवायला फॉलिक ॲसिड लागतं. ते कमी पडलं की रक्तपेशी नीट तयार होत नाहीत.

याची एक कडी आपल्या मुंबईत आहे. 1928 नंतरच्या काही वर्षांत ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत गिरणी कामगार गरोदर बायकांमधल्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होत्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांना दिसलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच फॉलेट. पण तो शुद्ध स्वरूपात, भरपूर प्रमाणात मिळणार कुठून? 1945 मध्ये लेडर्लेच्या टीमने सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं. लवकरच ते स्प्रूच्या रुग्णांना देऊन बघितलं गेलं आणि त्यांचं रक्त सुधारू लागलं. हो, तोच स्प्रू. दोन भावांना उशीर झाला होता, पण औषध आलं.

शाळेत आठवड्याला मिळायची ती निळी गोळी आठवते? लोहाबरोबर तिच्यात फॉलिक ॲसिडच असतं.

यातूनच उलटा विचार पुढे आला. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणजे त्यांना बांधकामाला फॉलिक ॲसिड सतत लागणार. मग फॉलिक ॲसिडसारखाच दिसणारा पण काम न करणारा रेणू दिला तर? पोर्टमध्ये बरोबर बसणारी, पण चार्ज न करणारी पिन समजा. ती अडकून बसली की खऱ्या पिनला जागाच उरत नाही. लेडर्लेमध्ये असे रेणू बनवले गेले. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी त्यातला अमिनोप्टेरिन ल्युकेमिया झालेल्या 16 मुलांना दिला. 10 मुलांची तब्येत सुधारली. ही सुधारणा तात्पुरती होती, पण या आजारात तोवर डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काहीच नव्हतं. जून 1948 मध्ये ते निष्कर्ष छापून आले. त्याच कुटुंबातलं मेथोट्रेक्सेट आजही कॅन्सर आणि संधिवातासाठी वापरतात.

हत्तीरोगावरचं डीईसी, म्हणजे माझ्या हातातली ती गोळी, 1947 मध्ये याच प्रयोगशाळेतून आली. टेट्रासायक्लिन गटातलं पहिलं अँटिबायोटिक ऑरिओमायसिनही तिथलंच. ते बेंजामिन डग्गर यांनी शोधलं, तेव्हा संशोधन विभागाचे प्रमुख सुब्बाराव होते.

ऑगस्ट 1948

फार्बर यांचा लेख छापून आल्यावर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट 1948 मध्ये, सुब्बाराव झोपेतच गेले. वय 53. हृदय बंद पडलं. स्वतंत्र भारत त्यांनी पाहिला नाही. अमेरिकेचं नागरिकत्वही घेतलं नाही. 1953 मध्ये एका बुरशीच्या प्रजातीला सुब्बारोमायसिस हे नाव दिलं गेलं, आणि 1995 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

त्या रात्री मी आधी पाठवलेल्या मेसेजखाली दुरुस्ती टाकली. फिस्के, लोहमान, डग्गर सगळ्यांची नावं घातली. एका मित्राने विचारलं की याने सुब्बाराव लहान नाही का होत? मला तसं वाटत नाही. दुसऱ्यांचं श्रेय काढून त्यांना द्यावं लागेल, इतकं त्यांचं स्वतःचं काम कमी नाही. निळी गोळी, मेथोट्रेक्सेटची गोळी आणि हत्तीरोगाची गोळी, या तिन्हींच्या मागे त्यांच्या प्रयोगशाळेचं काम आहे.

आता पुढच्या वेळी आशाताई दारात आल्या, तर आधी जेवून घ्या आणि गोळी त्यांच्या समोरच खा. आणि तुमच्याकडेही तो अर्धवट मेसेज आला असेल, तर पाठवणाऱ्याला हा लेख नक्की पाठवा.