मकबऱ्यांचे चित्रकार : थॉमस डॅनियल

थॉमस डॅनियल यांचा जन्म १७४९ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यांचे वडील सराई चालवीत. लहान वयातच थॉमस घोडागाड्या रंगवण्याचे काम शिकले. पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. पण तिथे चित्रकार पुष्कळ आणि कामे थोडी. म्हणून १७८५ साली ते पुतण्या विल्यम याला घेऊन हिंदुस्थानकडे निघाले. विल्यम तेव्हा जेमतेम १६ वर्षांचा होता.

त्या काळी युरोपात जुन्या थडग्यांची छापील चित्रे लोक आवडीने विकत घेत. पिरानेसी या कलावंताने रोममधील पडक्या थडग्यांची चित्रे छापली होती. थॉमस यांनी इथले मकबरे निवडले. आग्र्याचा ताजमहाल, मनेरचा दर्गा, अलाहाबादची खुसरोबाग अशी अनेक ठिकाणे त्यांनी पाहिली. खुसरो हा बादशहा जहांगीराचा मुलगा. त्याने बापाविरुद्ध बंड केले. १६२२ साली बुऱ्हाणपूर येथे कैदेत त्याचा अंत झाला. त्याच्या मकबऱ्याचे चित्र थॉमस यांनी मोठ्या काळजीने काढले.

१७९३ साली काका-पुतणे मुंबईला आले. तेथे जेम्स वेल्स या चित्रकाराशी त्यांची मैत्री झाली. तिघांनी घारापुरी आणि कान्हेरीची लेणी पाहिली. डॅनियल मायदेशी परतले. वेल्स मात्र इथेच राहिले. वेरूळची लेणी रेखाटून झाली, पण ती छापून निघण्यापूर्वीच १७९५ साली तापाने वेल्स यांचे निधन झाले.

इंग्लंडमध्ये काका-पुतण्यांनी छपाईचे काम हाती घेतले. हे काम फार चिकाटीचे होते. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरायची, ती तापवून चिकटवायची आणि पत्रा तेजाबात बुडवायचा. तेजाब जितका वेळ तांबे खाई, तितकी छाया गडद उमटे. मग छापलेल्या कागदावर हाताने रंग भरत. १७९५ ते १८०८ या काळात अशी १४४ चित्रे प्रसिद्ध झाली. त्यांतील २४ चित्रे वेरूळची होती. ती १८०३ साली निघाली. ती वेल्स यांच्या रेखाटनांवरून केली होती आणि त्यांवर वेल्स यांचेच नाव होते. थॉमस यांनी मित्राची मेहनत आपल्या नावावर घेतली नाही.

थॉमस यांनी लग्न केले नाही. ज्याला हाताशी धरून शिकवले, तो विल्यम १८३७ साली त्यांच्याआधीच वारला. १८४० साली, नव्वदीच्या घरात असताना, थॉमस यांनीही जगाचा निरोप घेतला. दोनशे वर्षांपूर्वी आपले मकबरे आणि लेणी कशी दिसत होती, हे आज आपल्याला त्यांच्या चित्रांतून समजते.