परमतकथनाची भाषा आणि विनोबा

पेण आणि रोहे हे रायगड जिल्ह्यातील दोन तालुके. रोह्यात १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. त्याआधी पाव शतक, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. दोघांचीही ख्याती गीतेचे विवरणकार म्हणून आहे. विनोबांच्या चरित्रात मात्र आणखी एक प्रश्न वारंवार पुढे येतो. दुसरा काय मानतो, काय जाणतो, हे भाषेने कसे सांगावे? प्रस्तुत लेखात या अंगाने त्यांच्या चरित्राचा विचार करावयाचा आहे.

मराठीतील ‘समजणे’ या क्रियापदाची दोन वळणे येथे लक्षात घ्यावी लागतात. कोणी एखाद्याला आप्त समजतो, असे म्हटले की ती समजूत चुकीची असावी, अशी सूचना बहुधा मिळते. कोणाला एखादी गोष्ट समजली, असे म्हटले की ती खरी असल्याची हमी बोलणाराच देतो. गागोद्याच्या घरी एक अंध वृद्ध राहत असत. बाल विनायक त्यांना आप्त समजत असे. पुढे कुटुंब बडोद्यास असताना त्यांच्या निधनाची वार्ता आली. परंतु घरात सुतक पाळले गेले नाही. आईला विचारल्यावर, ते नात्याचे नव्हते, निराधार म्हणून त्यांना घरी आश्रय दिलेला होता, हे विनायकाला समजले. कोणी त्याची फसवणूक केली नव्हती. घरातील वागणुकीतूनच ते नाते सिद्ध झाले होते.

आई रुक्मिणीबाईंना संस्कृत येत नव्हते. गीता सुबोध मराठीत असावी, ही त्यांची इच्छा होती. १९१८ साली त्या निवर्तल्या. ७ ऑक्टोबर १९३० रोजी आरंभिलेली ‘गीताई’ ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पूर्ण झाली. गीतेची रचनाच कथनात कथन अशी आहे: कृष्ण अर्जुनाला सांगतो, ते संजय धृतराष्ट्राला सांगतो. विनोबांनी श्लोकास श्लोक ठेवून ही चौकट जपली आणि स्वतःचे भाष्य त्या अनुवादात मिसळले नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ते स्वतः वक्ते झाले. त्यांची अठरा प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. ‘गीता प्रवचने’ या ग्रंथातील ‘मी’ विनोबांचा आहे. लेखणी मात्र गुरुजींची आहे.

परधर्मीयांच्या श्रद्धांविषयीही त्यांनी हीच पद्धत स्वीकारली. कुराणाच्या अभ्यासासाठी ते अरबी शिकले. ‘कुराणसार’मध्ये त्यांनी वचनांची निवड व विषयवार मांडणी केली. निवड हाही एक अर्थनिर्णयच असतो, हे येथे मान्य करावे लागते. तरीही श्रद्धावंताच्या शब्दांच्या जागी निरीक्षकाचे शब्द त्यांनी ठेवले नाहीत. त्यांच्या प्रेरणेने सिद्ध झालेल्या ‘समणसुत्तं’ या संकलनास १९७४ साली विविध जैन संप्रदायांची मान्यता मिळाली.

या दक्षतेची कठोर कसोटी आणीबाणीत लागली. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा विनोबांचे वर्षभराचे मौन चालू होते. त्या काळात त्यांच्याकडून महाभारतातील अनुशासनपर्वाचा निर्देश झाला. त्या निर्देशाला वाक्य नव्हते, क्रियापद नव्हते. शासनाने तो पाठिंबा समजून त्याची घोषणा केली. डिसेंबरमध्ये मौन संपल्यावर त्यांनी भेद स्पष्ट केला: सत्ताधाऱ्यांचे ते शासन, आचार्यांचे ते अनुशासन. तोवर तो शब्द देशभर पसरला होता. याचा दोष केवळ प्रचारयंत्रणेवर टाकून चालणार नाही. इतरांच्या कथनाची चौकट इतक्या काटेकोरपणे जपणाऱ्याने स्वतःचा शब्द मात्र चौकटीविना सोडला होता, आणि त्या वेळी हजारो माणसे तुरुंगात होती.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे विनोबांचे निधन झाले. त्यांच्या विचारांविषयी लिहिताना अभ्यासक विनोबा म्हणतात, मानतात, जाणतात, ही क्रियापदे अनेकदा एकमेकांच्या जागी वापरतात. यांपैकी प्रत्येक क्रियापदाबरोबर सत्याची हमी कोण देत आहे, हे बदलते. अनुशासनपर्वाच्या प्रकरणात नेमका हाच विवेक सुटला होता. म्हणून विनोबांच्या वाङ्मयाचा अभ्यास करताना निवेदक, अनुवादक, संकलक आणि वक्ता या त्यांच्या चार भूमिका वेगळ्या ओळखणे आवश्यक ठरते.